आटे

विक्रोळीला, पुलाच्या उतारावर,
गटाराच्या जाळीत पुढचं चाक गेलं
आणि मी हँडलवरून पलीकडे.
पहाटेचे पाच दहा. एक कुत्रं तेवढं जागं होतं.
उठलो तेव्हा आधी चाक फिरवून पाहिलं,
मग पाय.
हे हेमांगीला अजून सांगितलेलं नाही.

वैती मॅडमचं क्लिनिक भांडुपला, मेडिकलच्या वर.
गुडघ्याला कोनमापक लावतात,
कंपासपेटीतला असावा तसाच, फक्त मोठा.
बासष्ट, म्हणाल्या पहिल्या दिवशी.
दहावीला भूमितीतही मला तेवढेच होते,
तेव्हा घरात पेढे वाटले होते.

मी पालिकेचा चावीवाला.
रस्त्याच्या पोटात लोखंडी चावी घालून
एकोणीस वर्षं पाणी सोडलं:
या गल्लीला चाळीस मिनिटं, त्या टेकडीला पंचावन्न.
तांडेलमामांनी शिकवलं होतं,
आटे मोजत उघड.
हिसका दिलास तर पाईप फुटेल
आणि पाणी भलत्याच्याच दारात जाईल.
ड्यूटी संपली की तिथूनच सायकल,
ऐरोली, कधी ठाण्यापलीकडे,
उजाडेपर्यंत माझा मी.

आता तक्रारींच्या फोनवर बसवलंय.
पाणी आलं नाही, म्हणतात.
येईल, म्हणतो.
कधी?
हाच प्रश्न मी मंगळवारी आणि शुक्रवारी विचारतो,
वर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर.

शनिवारी रात्री ग्रुपवर येतं:
साडेचार, पुलाखाली, पंक्चर किट घ्या.
मी अंगठा दाखवतो, सवयीनं.
मग आठवतं, काढून घेतो.

सायकल पॅसेजमध्ये, भिंतीच्या हुकाला.
हँडलवर छत्री आली, मग ओढणी,
परवा कांद्यांची पिशवी.
शेजारचा अवधूत येता-जाता पेडल उलटं फिरवतो,
किर्रर्र किट किट किट.
मी आत, गुडघ्यावर फ्रीजमधला मटार घेऊन पडलेला.
त्या मटाराची उसळ व्हायची नाही आता,
चार महिने तोच वितळतो, तोच गोठतो.

लोक म्हणतात, दुखण्यानं थांबायला शिकवलं.
मला नाही शिकवलं.
मला डाळीत मीठ कमी म्हणून ओरडायला शिकवलं.
मीठ बरोबर होतं.

रविवारी दोन्ही चाकांत हवा भरतो मात्र.
बसल्या जागी टायरला भेगा पडतात.
पंप मारताना पाय लांब ठेवून, स्टुलावर,
जसं कुणी आजाऱ्याला भरवतं;
आजारी कोण, ते तिसऱ्या माणसानं ठरवावं.

काल कोनमापक शंभराच्या वर गेला, एकशे तीन.
मॅडमनी कोपऱ्यातल्या सायकलवर बसवलं,
जिला चाकंच नाहीत.
सीट उंच केली. मारा, म्हणाल्या.
पाय वर येतो, टोकाच्या जरा अलीकडे अडतो,
आत कुणीतरी दार धरून उभं.
दोनदा. तीनदा. घाम.

उलटं मारून बघा.
उलटं?
उलटं आधी जमतं, म्हणाल्या, बऱ्याच जणांना.

तेव्हा तांडेलमामा आठवले,
गंजलेल्या व्हॉल्व्हवर वाकलेले, तोंडात विडी:
पुढे जात नाही ना, मग अर्धा आटा मागे घे,
लोखंडालाही तोंड असतं बाबा, ते राखायला लागतं.

मागे घेतला.
टाच खाली, मग मागून वर,
त्या दाराशी आलो, दात आवळले,
आणि काहीतरी कच्चकन्
सुटलं की तुटलं, क्षणभर कळेना,
पाय पलीकडे उतरला होता.

समोर भिंत. भिंतीवर कॅलेंडर,
मागच्या महिन्याचंच पान.
कुठेही गेलो नव्हतो,
गेलो असलो तर मागेच.

मोजलं: एक.
सांगायला मान वळवली,
तर मॅडम पुढच्या माणसाच्या खांद्याशी होत्या.