चौथा मजला

दर तिसऱ्या मंगळवारी पहाटेची बस, दोर्गालीहून नुओरो.
ओलिएनाचं वळण गेलं की गावीनो झोपतो,
खिडकीला डोकं, तोंड किंचित उघडं,
आणि मी त्याची नखं बघते.
नखं फिकी पडली की समजावं, मंगळवार आला.
सतरा वर्षं हेच माझं कॅलेंडर.

दुसऱ्या मजल्याच्या भिंतीवर एक ऑक्टोपस आहे,
मुलांच्या पाठी घासून घासून त्याचे दोन हात पुसले गेलेत.
तिथल्या खुर्चीत याचा पहिला दात पडला,
तिथेच पाढे पाठ झाले, आणि एकदा तो माझ्यावर थुंकला.
पास्क्वा सिस्टरला ठाऊक आहे,
डाव्या कोपरातली शीर लबाड, उजव्या मनगटाला विचारावं.
कुणाचं तरी रक्त, थेंब थेंब, चार तास.
प्रत्येक पिशवीसोबत थोडं लोखंड येतं
आणि काढलं नाही तर काळजात जाऊन बसतं.

आमच्या पणज्या दलदलीच्या काठी राहायच्या.
हिवतापानं घरंच्या घरं ओस पडायची,
तेव्हा रक्तातली एक खोट काहींना तारून न्यायची.
ती मला अर्धी आली, याच्या बापाला अर्धी.
आम्ही दोघं धडधाकट.
बेरीज याच्या अंगात झाली.

जूनमध्ये अठरा.
अठरा म्हणजे चौथा मजला.
तिथे ऑक्टोपस नाही, टोकन आहे.
शेजारच्या गावचा तो बास्तियानो
अठराचा झाला, त्याचा कागद वर गेला.
फक्त कागदच गेला.
खालचे समजत राहिले, पोरगा वर आहे.
वरच्यांना तो आहे हेच माहीत नव्हतं.
तीन वर्षांनी पोचला तो, स्ट्रेचरवर,
हृदय फुगून पखालीएवढं झालेलं.

त्यानंतर पास्क्वा हट्टाला पेटली.
वरच्या डॉक्टरीणबाईंना महिन्यातून एकदा खाली आणू लागली,
आणि पंधरा पूर्ण झालेल्यांच्या आयांना बाहेर बसवू लागली.
पहिल्या दिवशी रागानं माझी विणायची सुई वाकली.
दार अर्धवट उघडं होतं.
आत फ्लोरिसबाईंनी विचारलं, गोळ्या रोज घेतोस?
आणि बाहेर, बाकावर, माझे ओठ हलले:
हो, रोज.

आत काहीच ऐकू येईना.
मग तो म्हणाला, नाही.
आठवड्यातून तीनदा. उरलेल्या बेसिनमध्ये ओततो.
आई फक्त ग्लास रिकामा आहे का बघते.

मला वाटलं, आता बाई रागावणार.
त्या म्हणाल्या, काय अवघड जातं?
चव, तो म्हणाला. खडू ढवळल्यासारखी.
आणि आई दारात उभी असते.

परतीच्या बसमध्ये आम्ही बोललो नाही.
ओलिएनाशी तो झोपला नाही, मीही नखं बघितली नाहीत.
बघितली. पण चोरून.

वर न्यायचं पत्र त्यानं स्वतः लिहिलं.
पास्क्वाच्या मसुद्यात ‘औषधं नियमित’ असं होतं,
ते खोडून त्यानं लिहिलं: ‘प्रयत्नात आहे.’
खाली सही. पहिल्यांदाच पाहिली मी त्याची सही,
बापासारखीच, शेवटी उगाच एक शेपूट.

आज दोघं जिना चढून गेले, तो आणि पास्क्वा.
मी ऑक्टोपसखाली बसलेय.
शेजारी एक तान्हं बाळ आणि त्याची आई,
अजून प्रत्येक पिशवीवरचा नंबर वहीत उतरवणारी.
मीही उतरवायचे. सांगावं का तिला काही?
काय सांगणार?
मी तिला सुकी अंजिरं दिली.

पास्क्वा एकटीच खाली आली.
मी उठले: शीर सापडली का? कोण होतं? दुखलं का?
ती हातमोजे काढत म्हणाली, त्याला विचार.

फोनवर त्याचा निरोप होता, तासाभरापूर्वीचा:
उजवं मनगट. मीच सांगितलं.
तू बसनं पुढे जा.