डाग

दुक्मच्या धावपट्टीमागं आमची लाँड्री.
अकरा मिनिटांत आभाळ शिवून आलेले
निळे सूट इथं येतात,
घामानं जड.
मी खिसे उलटे करतो: आलेपाकाची वडी,
कुणाच्या पोराचा दुधाचा दात,
ओकारीची कोरी पिशवी.

काल एका सुटाची बाही
मनगटाशी काळी.
शम्सा म्हणाली, काजळ.
वर आसू ओघळत नाही, मुनाफ,
डोळ्यातच फुगत बसतो,
टिपावाच लागतो.

लगेच साबण लावला नाही मी.

अब्बांच्या मयतीला पोचलो नाही
त्या दिवशी, याच इस्त्रीच्या वाफेत,
माझं सगळं खाली पडलं होतं
सरळ, बुटांवर.

पावतीवर लिहिलं:
नग एक. डाग, काजळाचा.
उंचीचा रकाना नाही तिच्यात.