मिठाची बातमी

बाबा व्हिदे सांदेच्या झडपांवर होते, एकतीस वर्षं.
एका अंगाला फियोर्ड, दुसऱ्या अंगाला उत्तर समुद्र,
मधे लोखंडी दारांची ओळ
आणि लाउरिड्स नावाचा कमी बोलणारा माणूस.
पहाटे बाटलीत पाणी भरायचं,
काचेची दांडी सोडायची,
ती किती बुडते, किती तरते, त्यावरून मीठ वाचायचं.
वहीत एक आकडा.
मीठ चढलं, दार खाली.
मीठ उतरलं, दार वर.

माझी दारं केसाहून बारीक.
उंदराच्या एका मूत्रपिंडात अशी तीसेक हजार.
दारातून रक्त आत येतं, गाळलं जातं,
गाळलेलं पाणी नळीतून खोल उतरतं, वळसा घेतं, वर चढतं
आणि निघालं होतं त्याच दाराशी येऊन टेकतं,
दिवसभर हुंदडून आलेलं पोर उंबऱ्याशी यावं तसं.
तिथं काही पेशी दाटीवाटीनं बसल्यात.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणजे काय ते यांच्याकडून शिकावं.
फार खारट लागलं की धमनीला म्हणतात, आवर.
अळणी लागलं की, सोड.

तीन ओळींत मांडता येतं हे. मी मांडलं.
दाब, प्रवाह, मीठ.
पडद्यावरची रेघ जराशी हलली, मग शहाण्यासारखी आडवी झाली.
मी खूश.
एय्विननं त्याची कागदी पट्टी माझ्या टेबलावर पसरली,
भूल दिलेल्या उंदराच्या एका नळीत
सुई रुतवून, श्वास धरून, अकरा तासांत मिळवलेली.
आडवं कुठे काय होतं!
अर्ध्या मिनिटाला एक लाट,
तिच्या पाठीवर दुसरी.
"तुझा उंदीर मेलाय," तो म्हणाला
आणि कॉफी आणायला गेला.

रविवारी फोनवर बाबांना सांगितलं.
ते हेरिंगच्या भावाबद्दल बोलत होते, बोलत राहिले,
मग मधेच,
"तुझं मीठ कितीच्या वाजताचं?"
मला कळेना.
"मी पहाटे मोजायचो ते दोन दिवसांपूर्वी शिरलेलं पाणी.
आज दार लावायचं ते परवाच्या मिठासाठी.
बैल गेला अन् झोपा केला,
जन्मभर तेच केलं मी, डाग्नी.
फक्त माझा बैल दर वेळी परत यायचा."

ओडेन्सला त्या रात्री बाकी सगळ्या खिडक्या विझल्यावर
मी समीकरणात एक अक्षर घातलं. टाऊ.
आत्ताचं मीठ नव्हे, नळीतून यायला लागलेल्या सेकंदांइतकं शिळं मीठ.
रेघ थरथरली.
आडवी व्हायला निघाली, झाली.
टाऊ थोडा वाढवला.
उठली, पडली, उठली,
आणि मग थांबेचना.
मी खुर्चीत बसून नुसती पाहत राहिले,
माझ्याही कमरेच्या वर, पाठीच्या दोन्ही अंगांना,
कोणी न विचारता हेच चाललंय.

एय्विनकडे दुसरेही उंदीर आहेत,
रक्तदाब चढलेल्या जातीचे.
त्यांच्या पट्टीवर लय नाही. एक डोंगर, दोन उंचवटे, मग काहीच नाही,
मग एकदम कडा.
शेजारच्या नळ्या एकाच फांदीवर असून एकमेकींचं ऐकत नाहीत.
आकड्यांच्या एका चिंचोळ्या पट्ट्यात माझी रेघही तशी बिथरते.
एय्विन म्हणतो, जमलं.
मी म्हणते, थांब.
दोन गोंधळ सारखे दिसले म्हणून सख्खे नसतात.

ऑक्टोबरात घरी गेले. झडपा आता संगणक हलवतो.
बाबा तरी बाटली घेऊन बांधावर जातात,
त्यांचा आकडा अन् यंत्राचा आकडा जुळत नाही,
वहीत दोन्ही लिहितात.
वारा एवढा की शब्द तोंडातच उलटे फिरत होते.
"उंदराचं काय झालं?" त्यांनी ओरडून विचारलं.
"जिवंत आहे," मी ओरडले. "कागदावर."
त्यांनी बाटलीत बोट बुडवलं,
चाटलं,
थोडा वेळ समुद्राकडे पाठ करून उभे राहिले.
"परवाचं," म्हणाले.