पोपडा

क्रशरच्या जबड्यात जाता जाता
एक गोटा माझ्या घमेल्यात राहिला.
बटाट्याएवढा, अंगावर हिरवट साल,
एका बाजूनं घणाचा टवका उडालेला.
मुकादम म्हणे, फेक तो, असल्यानं मशीन खराब होते.
मी पदरानं पुसला आणि ओटीत खोचला.

मंगरूळपीरच्या बाजारात
कय्युमचाचा चादर अंथरून बसतो :
अंगठ्या, तसबी, नजरेचे मणी,
आणि पत्र्याच्या डबीत सुलेमानी.
त्यानं गोटा आधी तोलला, मग गालाला लावला.
"काच असती त एवढ्यात तापली असती तुह्या ओटीत.
हा थंडाच हाय."

बाटलीच्या तुकड्यावर ओढला,
रेघ काचेवर उठली.
सुरीचं टोक फिरवलं,
सुरीच थोडी झिजून राहिली गोट्यावर, राखाडी.
टवक्याच्या पातळ कडेखाली टॉर्च धरला
तेव्हा उजेड आत शिरला
आणि ताकाच्या निवळीसारखा थांबला.

मग चाचानं अंगठा जिभेला लावला, टवक्यावर फिरवला.
ढवळा. मातकट. राखेचा. परत ढवळा.
एक लाल, इतका बारीक
की काडीनं कुंकू ओढावं.

डबीतला गर्द निळा मी उचलला तर म्हणाला,
"ठेव तो. रंगात बुडवेल हाय. पाय, भेगेत कसा साचला.
खरा पट्टा असा वरडत नाई."

मी पट्टे मोजत होते, झाडाचे मोजतात तसे, मधातून.
"उलटी मोजतेस तू," तो म्हणाला.
"झाड बाहेर वाढते. हा आत.
तापल्या दगडात बुडबुडा राहिला,
पाणी येत गेलं, जात गेलं,
भितीले लागून एक थर, त्याच्या आतून दुसरा."
"आन् मधात?"
"कधी साखरेवानी खडे. कधी काईच नाई."

हे मला कळलं.
बावीस वर्षं मी एकाच खोलीला आतून हात देते.
आले तेव्हा दोन बाजा आडव्या मावायच्या,
आता दुसरीचा पाय दारात येतो;
नवरा म्हणतो, बाज फुगली.
मागं कोपऱ्यातला पोपडा निघाला तर दिसलं :
चुना, माती, पिवडी, चुना,
निळा दिराच्या लग्नाचा,
त्यावर एक काळपट, ज्या वर्षी
सारवायचं मनातच आलं नाही.

"दीडशे देतो," चाचा म्हणाला. "चार अंगठ्या निघतील."
मी गोटा परत ओटीत घातला.
तो हसला, अंगठा लुंगीला पुसला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्यावरून तसलेच दोन गेले,
हात पोचेपर्यंत गिट्टी.
कारंज्याकडच्या रस्त्यावर आता
डांबराखाली कुठंतरी असतील.

माझा देवळीत आहे, चिमणीशेजारी.
यंदा सारवताना
त्याच्या भोवतीनं हात फिरवला.