दोन सेकंद उशिरा

दवाखान्यातल्या बाईंनी एक कागद दिला होता:
श्वास मोजा. जेवताना जेवा. चालताना चाला.
टीव्ही बघताना काय करायचं ते त्यात नव्हतं,
आणि मी विचारलं नाही.
ग्रिम्सबीत नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो,
मग दुसरं असतं काय.

आधी घरी करून पाहिलं.
बातम्या लावल्या. पाठ ताठ, तळवे गालिच्यावर.
‘बघतेय,’ मनात म्हटलं. ‘ऐकतेय.’
तिसऱ्या मिनिटाला फोन हातात कधी आला कळलं नाही,
फोनवर वहिनीचा निरोप,
निरोपात चिपळूणच्या फ्लॅटमधल्या गळतीचा फोटो,
आणि पडद्यावर कुणाचं तरी घर गुडघाभर पाण्यात.
दोन्ही ओली माझ्यात एक होऊन गेल्या.
चिवड्याची वाटी रिकामी.
कुणी खाल्ला, देव जाणे.

गुरुवारी शेजारी जाते, डोरीन हॅलमकडे.
ब्याऐंशीची आहे. मासे सोलायच्या शेडमध्ये
एकतीस वर्षं काढली, यंत्रांनी कान नेले.
तिचा टीव्ही मुका.
खाली काळ्या पट्टीवर पांढरी अक्षरं पळतात,
आणि थेट कार्यक्रम असला की मागे पडतात.
माणूस हसून मोकळा होतो,
मग हसण्याचं कारण येतं.

आज स्नूकर होतं.
हिरव्या मेजावर एवढा उजेड,
की खोलीत दुसरा दिवा लागत नाही.
खेळाडू वाकला, हनुवटी काठीला टेकवली.
डोरीननं श्वास धरला.
दर वेळी धरते. तिला कुणी कागद दिलेला नाही.
लाल चेंडू कोपऱ्यात गेला, पांढरा जरा पुढे घरंगळून
विचारात पडल्यासारखा थांबला,
आणि खाली तेव्हा उमटलं:
‘हे काही सोपं नाही.’

त्या मधल्या फटीत मला ऐकू आलं:
गॅसच्या शेगडीची धाप,
डोरीनच्या दातांवर फुटणारी पुदिन्याची गोळी,
माझ्याच नाकातली शिट्टी.
आणि विद्याधर.
तो प्रत्येक फटका लागायच्या आधी समजावून सांगायचा:
आता बघ हां, आता निळा घेईल.
मी म्हणायची, अरे, बघू तर दे.
अकरा महिने झाले, कोणी काही सांगत नाही,
आणि मी काहीच बघितलेलं नाही.

मग पिवळ्याची पाळी आली.
यंत्राला यलो ऐकू आलं नसावं, त्यानं लिहिलं हॅलो.
‘हॅलो मधल्या खिशात जातोय.’
डोरीननं सुया थांबवल्या, चष्मा वर केला,
आणि पडद्याला अदबीनं म्हणाली,
‘हॅलो, बाळा.’
आम्ही इतक्या हसलो की तिचा लोकरीचा गुंडा
कपाटाखाली गेला,
आणि काळा कधी पडला ते दोघींनीही पाहिलं नाही.
कागदाप्रमाणे ही चूकच म्हणायची.

नऊला निघाले. दोन दारांचं अंतर,
पण खाडीकडचा वारा खारट आणि आडवा.
किल्ली फिरवली. आत अंधार,
फ्रिज आपल्याशीच बोलत होता.
दिवा लावायच्या आधी थांबले,
आणि हॅलो म्हटलं.

कुणाला, ते अजून खाली उमटलेलं नाही.