दोन शेवट

वाल्बीच्या काचघरात ऊन असेल तोवरच चित्रण.
नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवस मिटायचा,
आणि थीरा ओस्टरबी
अर्धं रडणं गालावर तसंच ठेवून
माझ्या खोलीत कॉफीला यायची.

मी तिथे कात्री चालवायचे. कापायचं, चिकटवायचं.
बोटांना कायम पिकल्या नाशपातीचा वास.

प्रत्येक चित्रपटाचे शेवट दोन.
इकडचा: ती पुलावर मागे वळते, तो टोपी काढतो, लग्न.
दुसरा रशियाचा. तिकडच्यांना म्हणे
पोटभर रडल्याशिवाय तिकिटाचे पैसे फिटत नाहीत.
म्हणून सोमवारी थीराचं लग्न लागायचं
आणि मंगळवारी, त्याच झग्यात, ती कालव्यात उडी घ्यायची.
"मंगळवारी मी बरी असते," ती म्हणायची.
"लग्नात हातांचं काय करायचं तेच कळत नाही."

डोळे निळे. त्या फिल्मला निळं दिसायचंच नाही;
पडद्यावर बुबुळं पांढरीफटक, पुतळ्यासारखी.
मग पोरगेला होल्गर कॅमेऱ्याशेजारी
काळी मखमल ताणून उभा राहायचा.
तिने त्या काळोखात बघायचं, बाहुल्या रुंदावायच्या.
कीव्हपासून ब्युनोस आयर्सपर्यंत लोक ज्या नजरेवर मेले
ती नजर सव्वा मीटर कापडावर होती.

साराटोव्हच्या एका शाळामास्तरने लिहिलं होतं:
बाई, तुम्ही सात वेळा गेलात,
सातही वेळा मी मेणबत्ती लावली.

सतरा साली रशियाची वाट बंद झाली.
मंगळवार रिकामे पडले.
उरली नुसती लग्नं,
आणि लग्नात ती खरंच बेताची होती.
मालकांच्या लक्षात यायला तीन वर्षं लागली.

पुढे आवाज आला.
तिला माइकसमोर उभं केलं.
ती फ्योर्डकाठच्या आपल्या कोळी बोलीत म्हणाली,
"आज वारा फार आहे."
कोणी हसलं नाही. सगळे कागद आवरू लागले.

रिळांत चांदी असते. ती वितळवली, किलोच्या भावाने.
डबे मीच उघडून दिले.

थीराने व्हेस्टरब्रोत हातमोज्यांचं दुकान घातलं.
गिऱ्हाइकाचा हात हातात घ्यायची
आणि न मोजता माप सांगायची. कधी चुकली नाही.

ती गेली एका गुरुवारी. कफ, ताप, कसलंच नाट्य नाही.
हात पांघरुणावर, जरा अवघडलेले.

एक तुकडा मी चोरला होता. मंगळवारचा.
बिस्किटांच्या डब्यात, तळघरात, कोळशापासून लांब,
कारण ती फिल्म चटकन पेट घेते.
तिला कधी सांगितलं नाही.
काल झाकण उचकटलं: बहुतेक सगळी तपकिरी भुकटी.
अकरा चौकटी तेवढ्या शाबूत.

खिडकीशी धरून बघते.
ती कठड्यावर. वाऱ्यात झगा.
नजर किंचित डावीकडे,
जिथे होल्गरचे हात भरून आले असतील.