शिंपल्यांचं छत

ग्रीनॉकच्या चढावरचं हे दोन खोल्यांचं घर
भाड्याने द्यायचं, तर आधी
छताचा तुकडा तपासायला गेला पाहिजे म्हणे.
अंगठ्याच्या नखाएवढा.

टॉश नावाचा माणूस आला. मास्क, निळे कागदी बूट,
हातात पाण्याची फवारणी,
कुंड्यांवर मारतात तसली.
"आधी भिजवायचं," तो म्हणाला,
"कोरडं उडतं."

हे छत बाबांनी केलं. मी सात वर्षांची.
पिठासारखी पांढरी पिशवी, बादली,
आणि लाकडी फणी, जिचे दोन दात त्यांनी मुद्दाम मोडलेले.
फणी ओल्या गिलाव्यावर टेकवायची, मनगट अर्धं फिरवायचं:
एक शिंपला.
त्याच्या कडेवर दुसरा, दुसऱ्याच्या कडेवर तिसरा.
मी फळीच्या टोकाला भार म्हणून बसायचे.
"इशबेल, आता श्वास घेऊ नकोस,
फळी हलते."
मी घ्यायचे नाही.

पिशवीवरचा मजकूर मला अजून पाठ आहे.
नुकतीच वाचायला शिकले होते, दिसेल ते वाचायचे:
गार पाण्यात कालवा. गुठळ्या मोडा.
दंवापासून जपा.
पिशवीला कशापासून जपायचं, ते होतं.

सुकल्यावर बाबा टोकं घासून काढत.
चहावर साय धरावी तशी धूळ धरायची,
आई ती फुंकून प्यायची.
त्यांचा डगला ती जिन्यात झटकायची, तीनदा,
आणि वरच्या ओरबाई ओरडायच्या,
पायऱ्या आत्ताच धुतल्यात म्हणून.
तेव्हा तेवढाच कायदा होता.

बंदी नंतर आली, रंग बघून.
आधी निळा ॲस्बेस्टॉस, तपकिरी.
पांढरा सगळ्यात शेवटी.
पांढऱ्यावर संशय जायला वेळ लागतो.

बाबा गेले त्या वर्षी त्यांच्या छातीचा फोटो
तीन डॉक्टरांनी उजेडात धरला.
सिगारेटी होत्या. ओल आलेलं घर होतं. हेही होतं.
छातीठोकपणे कोणी काही सांगेना.

टॉशने शिडीवरून विचारलं, कोणी केलंय हे?
मी सांगितलं.
"माझा मामा करायचा असलं.
त्याच्या ओळी कधी इतक्या सारख्या आल्या नाहीत."
मग त्याने एका शिंपल्याची कड उचकटली,
पिशवीत टाकली, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत,
आणि खड्ड्यात बोटभर लांबी भरली.

अहवाल आठवड्याने आला.
पांढरा, तीन टक्के. स्थिती चांगली.
भोक पाडू नये, खरवडू नये, घासू नये.
रंगाचा हात देऊन बंद ठेवावं,
दरवर्षी कोणीतरी बघून जावं.
झाकली मूठ, थोडक्यात.
मला वाटलं होतं कायदा हातोडा घेऊन येईल.
तो ब्रश घेऊन आला.

सोबत एक तक्ता भरायला:
जागा, क्षेत्रफळ, अवस्था, धोक्याचे गुण.
कोणी केलं, याला रकाना नाही.
शेवटी 'शेरा' होता, तिथे मी लिहिलं:
दारामागच्या कोपऱ्यात एक शिंपला अर्धा आहे.
तो राहून गेलेला नाही.

प्रत्येक घरात ते एक अर्धा ठेवत.
सही करायची लाज वाटायची त्यांना.

बाबांची कामाची वही माझ्याकडे आहे.
एकशे बारा पत्ते, पेन्सिलीने,
पुढे पैसे मिळाले की बरोबरची खूण.
त्या घरांत आता कोण राहतं कोणास ठाऊक.
कोणीतरी पंखा लावत असेल,
कोणी बाळाच्या पाळण्यावर मासे टांगायला
हूक शोधत असेल.
स्वतःच्या घरातल्या माणसाला
कोणी तक्ता पाठवत नाही.

म्हणून आज कागद घेऊन बसले आहे.
पहिला पत्ता वरचाच, ओरबाईंचा.
त्या आता नाहीत, नवीन जोडपं आहे.
'तुमच्या छताला' इथवर लिहून होतं
आणि पुढे सुचत नाही:
हात लावू नका, की
एकदा दिवा तिरका धरून बघा.

वर कोणीतरी कपाट सरकवतंय.
माझ्या छतातला दिवा जरासा हलतो.

मी श्वास घेत नाही.